भोंग्यानंतरचा शेजार

पिंपरी-चिंचवडच्या रस्त्यांवर सकाळी साडेपाचच्या सुमाराला दोन प्रकारची माणसं भेटतात. काही खांद्याला डब्याची पिशवी लावून कंपनीच्या बसची वाट पाहत असतात, तर काही कानटोपी आणि कॅनव्हासचे बूट घालून फिरायला निघालेली असतात. या फिरायला निघालेल्यांतले बरेचसे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी याच वेळेला, याच थांब्यांवर बसची वाट पाहत उभे असायचे. यमुनानगर, शाहूनगर, संभाजीनगर या भागांत काहींनी आपल्या फेरीचा शेवट अजूनही जुन्या बसथांब्यावरच ठेवला आहे. तिथे दहा मिनिटं गप्पा होतात, आज कोण दिसलं नाही याची चौकशी होते आणि दुधाच्या पिशव्या घेऊन सगळे आपापल्या घरी जातात.

हा लेख त्या दहा मिनिटांच्या चौकशीबद्दल आहे. या शहराची पहिली कारखानदारीतली पिढी आता सत्तरी-ऐंशीला पोहोचली आहे. तिच्यातल्या अनेकांच्या दिवसभरात ‘आज दिसला नाहीत?’ असं विचारणारं माणूस फक्त त्या थांब्यावरच भेटतं.

एकाच वेळी तरुण, एकाच वेळी म्हातारं

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. पेनिसिलिन बनवणाऱ्या या कारखान्याने माळरानावर पहिली वसाहत उभी केली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आलं आणि साठच्या दशकात चित्र पालटलं. आकुर्डीत बजाज ऑटो, पिंपरीत टेल्को, चिंचवडला एसकेएफ, दापोडीत सँडविक, भोसरीत सेंच्युरी एन्का आणि त्यांच्या आधाराने शेकडो छोटी वर्कशॉप उभी राहिली. आकुर्डी, भोसरी, चिंचवड आणि पिंपरी या गावांची मिळून १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आलं, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या दहा लाखांच्या घरात होती. दहा वर्षांत ती सतरा लाखांच्या पुढे गेली.

सातारा, सांगली, सोलापूर, नगर, खानदेश, मराठवाडा आणि कोकणातून इथे आली ती विशी-बाविशीतली मुलं. आयटीआयचा दाखला, एक ट्रंक आणि कुणा गाववाल्याचा पत्ता एवढ्यावर ती आली. आईवडील गावीच राहिले. त्यामुळे पहिली दोन-तीन दशकं या शहरात म्हातारी माणसं फारशी दिसतच नसत. प्रसूतिगृहं, बालवाड्या आणि शाळा वाढत गेल्या. जिना चढताना कुणाचा गुडघा दुखेल हा विचार प्राधिकरणातल्या किंवा संत तुकारामनगरातल्या तळमजला अधिक तीन मजल्यांच्या इमारती बांधताना कुणाच्या मनात आला नाही, कारण त्या घरांत राहायला येणारी जोडपी तिशीतली होती.

एकाच वेळी तरुण असलेली वस्ती एकाच वेळी म्हातारी होते. जुन्या गावात तीन पिढ्या शेजारी-शेजारी असतात आणि एक थकली की दुसरी हात देते. इथे एका जिन्यावरची आठही घरं एकाच दशकात निवृत्त झाली, मुलं एकाच दशकात बंगळुरू, दुबई किंवा शहराच्या दुसऱ्या टोकाला वाकड-हिंजवडीकडे गेली आणि आता आठही घरांतले गुडघे एकदमच दुखत आहेत.

कारखान्याने घडवलेला शेजार

हे शहर परक्यांचं होतं, तरी शेजार नव्हता असं मुळीच नाही. उलट इथे फार दाट शेजार होता. खराळवाडीत किंवा भोसरी गावठाणात एका खोलीत सहा जण राहायचे आणि एकाच खाणावळीत जेवायचे. लग्नानंतर दोन खोल्यांची जागा व्हायची. मग एकाच खात्यातल्या पंधरा-वीस जणांनी मिळून हाउसिंग सोसायटी काढायची, प्राधिकरणाचा ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याचा प्लॉट मिळवायचा. या माणसांनी एकत्र पंचिंग केलं होतं, एकत्र संप केला होता. टेल्कोतला १९८८-८९ चा संप, कामगारनेते राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली शनिवारवाड्यावर झालेलं उपोषण आणि त्यानंतरचे कडवट दिवस या शहरातल्या कितीतरी घरांना आजही तारखेनिशी आठवतात. संपाच्या काळात कुणाच्या घरी किराणा संपला आहे हे शेजाऱ्याला न सांगता कळायचं.

दुसऱ्या पाळीचा नवरा रात्री बारापर्यंत घरी येत नसे. अशा वेळी मूल तापलं तर बाई शेजारचं दार ठोठावायची आणि पहिल्या पाळीवाला शेजारी स्कूटर काढायचा. बायकांची भिशी होती, हळदी-कुंकू होतं, भजनी मंडळं होती. टेल्को कामगारांच्या घरच्या स्त्रियांनी उभी केलेली गृहिणी सोशल वेल्फेअर सोसायटी लोणची-मसाल्यांपासून गाड्यांच्या वायर हार्नेसपर्यंत माल बनवू लागली आणि शेकडो बायकांच्या हाती स्वतःची कमाई आली. फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात वसलेल्या सिंधी कुटुंबांनी तर काहीच हाती नसताना बाजारपेठ उभी केली, ती एकमेकांच्या शब्दावर.

मात्र हा सगळा शेजार पाळी, पगाराची तारीख आणि सारखं वय या तीन गोष्टींवर उभा होता. तो कुणी ठरवून बांधला नव्हता. म्हणून त्याचे आधार एकेक करून निघाले, तेव्हा तो टिकवायची जबाबदारी कुणाची, हेही कुणी ठरवलेलं नव्हतं.

फायनल हिशोबानंतर

निवृत्तीच्या दिवशी हार, शाल, श्रीफळ आणि चांदीचा गणपती मिळतो. खात्यातली मंडळी घरापर्यंत सोडायला येतात, पेढे वाटले जातात. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला नेहमीप्रमाणे जाग येते आणि पुढे करायचं काय, हे कळत नाही. पस्तीस वर्षं ज्याची ओळख ‘टूलरूमचे पाटील’ किंवा ‘पेंट शॉपचे कुलकर्णी’ अशी होती, त्याच्या नावामागचा शब्द गळून पडतो. आकुर्डीतलं बजाजचं उत्पादन २००७ मध्ये थांबलं, तेव्हा अनेकांवर हा दिवस साठीआधीच आला. हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये पगार महिनोन्‌महिने रखडले आणि ज्या वसाहतीने या शहराला शेजार शिकवला, तिथलीच क्वार्टर ओस पडत गेली.

पैशाचाही प्रश्न आहे आणि तो सांगताना लोक आवाज खाली आणतात. खासगी कारखान्यांतल्या बहुतेकांचं निवृत्तिवेतन १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतून येतं. या योजनेतलं किमान पेन्शन २०१४ मध्ये महिना १,००० रुपये ठरलं. आयुष्यभर यंत्रावर उभं राहिलेल्या अनेकांच्या हाती दोन-तीन हजार रुपये पडतात. किमान ७,५०० रुपये आणि महागाई भत्ता या मागणीसाठी बुलढाण्यात २०१८ च्या डिसेंबरात साखळी उपोषण सुरू झालं. पिंपरी-चिंचवडमध्येही या मागणीच्या बाजूने उभी राहणारी घरं गल्लोगल्ली आहेत. फंडाचे पैसे घरात आणि मुलांच्या शिक्षणात गेले, उरलं ते घर. त्यामुळे कागदावर कोटीचा मालक असलेला माणूस महिन्याच्या औषधांसाठी मुलाच्या फोनची वाट पाहतो, अशी परिस्थिती इथे नवलाची राहिलेली नाही.

मग जोडीदार जातो. त्यानंतर घराचा जिना हीच हद्द होते. आमच्या भागातल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना रात्री छातीत दुखू लागलं. १०८ ची रुग्णवाहिका आली, पण स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर वळेना. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी त्यांना खाली आणलं. एका पायरीवर खुर्चीचा पाय वाकला, तेव्हा खालच्या माणसाने गुडघा टेकवून ती तोलली. आजोबा वाचले. पुढच्याच आठवड्यात तळमजल्यावरच्या निवृत्त फिटर काकांनी भोसरीच्या ओळखीच्या वर्कशॉपमधून एक लोखंडी खुर्ची करून आणली. तिला मागेपुढे पाइपचे दांडे, कमरेला आणि छातीला पट्टा, पायांना आडवी पट्टी. ती आता जिन्याखाली साखळीविना उभी असते. आजूबाजूच्या तीन सोसायट्यांनी ती नेऊन आणली आहे. पुनर्विकास होईल, लिफ्ट येईल, तेव्हा येईल. आज रात्री लागणारी खुर्ची आज तयार आहे.

त्या खुर्चीकडे पाहिलं की मला या शहराची ताकद दिसते. इथल्या निवृत्त माणसांच्या हातात कसब आहे, पाळ्या लावण्याची सवय आहे, नोंदवही ठेवण्याची शिस्त आहे. त्यांना सेवा लागते हे खरं, पण काम त्याहून जास्त लागतं.

बाराव्या मजल्यावरची आजी

शहराच्या दुसऱ्या अंगाला वेगळी म्हातारी माणसं आहेत. रावेत, पुनावळे, मोशी, चऱ्होलीच्या उंच इमारतींत मुलाकडे राहायला आलेल्या या आया बार्शी, जत, परांडा, शेवगावकडच्या आहेत. नातवाला सांभाळायला म्हणून त्या आल्या. मागे गावी नवरा वारला, शेत वाट्याने गेलं आणि परतीची वाट राहिली नाही. मुलगा-सून सकाळी आठला निघतात ते रात्री आठला येतात. लिफ्टचं बटण, इंटरकॉम आणि डिलिव्हरीवाल्याचा ओटीपी यांत दिवस जातो. गावात जिच्या एका हाकेवर दहा बायका जमायच्या, तिला इथे समोरच्या फ्लॅटचं आडनाव माहीत नसतं.

तरी याच बायका सोसायटीच्या बागेतल्या बाकांवर पुन्हा गाव मांडतात. संध्याकाळी पाचला एक पिशवीतून मेथी काढून निवडू लागते, दुसरी तिच्याजवळ सरकते. आठवडाभरात हरिपाठ सुरू होतो. श्रावणात मंगळागौर ठरते. मोठ्या सोसायट्यांच्या समित्या जिम आणि पार्किंगवर तासन्‌तास बोलतात. त्यांनी या बाकांवर छप्पर घालावं, जवळ एक स्वच्छतागृह ठेवावं आणि बसायची जागा रिक्षा-गाड्यांच्या वाटेतून हलवावी. यासाठी लागणारा खर्च कारंज्याच्या वर्षभराच्या विजेपेक्षा जास्त नसेल.

आपली ज्येष्ठांची कल्पनाही बदलावी लागेल. पेन्शनर काका सोसायटीच्या सभेत दिसतात. सकाळी चार घरची भांडी करून पाचव्या घरी आजीला आंघोळ घालणारी मावशी स्वतः साठीची असते, ती मात्र कुणाच्या यादीत नसते. ती निगडीच्या ओटा स्कीममध्ये राहते, तिच्याही कमरेला पट्टा आहे. शेजार म्हणून आपण जे काही बांधू, त्यात तिचं नाव नसेल तर त्याला काळजी म्हणण्याचा हक्क आपल्याला नाही.

चाकणच्या खोल्या

इंद्रायणी ओलांडून नाशिक रस्त्याने चाकणकडे गेलं की प्रश्न उलटा होतो. फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० मध्ये लढवलेला संग्रामदुर्ग आणि कांद्याचा बाजार यांसाठी ओळखलं जाणारं हे गाव २००९ नंतर मोटारींचं झालं. फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, महिंद्रा आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य कारखाने आले. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी, निघोजे इथे शेतं गेली आणि खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. दहा बाय दहाच्या खोलीत चार-पाच मुलं राहतात, लातूर-यवतमाळची, बिहारची, ओडिशाची. ती कंत्राटी असतात, सहा-सात महिन्यांत ठेकेदार बदलतो, खोली बदलते. पिंपरीच्या पहिल्या पिढीला शेजार घडवायला वीस वर्षं एकाच कारखान्यात मिळाली. चाकणच्या मुलाला वीस महिनेही मिळत नाहीत.

आणि त्याच अंगणात घरमालक आजोबा-आजी असतात. जमिनीचे पैसे आले, मुलगा पुण्यात बंगल्यात गेला, गुरं विकली गेली. शेतकऱ्याला निवृत्ती नसते असं म्हणतात, पण शेतच गेलं तर तीही एका दिवसात येते. अंगणाच्या एका बाजूला माया करायला कुणी नसलेली दोन म्हातारी माणसं आणि दुसऱ्या बाजूला ताप आल्यावर पेज करून देणारं कुणी नसलेली वीस पोरं. मध्ये भाड्याची पावती आणि ‘परप्रांतीय’ हा शब्द.

काही अंगणांत ही भिंत पडलेली दिसते. रात्रपाळीहून आलेला पोरगा आजोबांना मोबाइलवर गॅसचा नंबर लावून देतो, आजी त्याच्या डब्यात भाकरी टाकते. २०२० च्या टाळेबंदीत, हजारो मजूर पायी निघाले असताना अनेक गावांनी आपल्या खोल्यांमधल्या मुलांना शिधा दिला होता. म्हणजे जमतं. रोजच्या दिवशीही ते जमावं यासाठी पुढाकार घरमालकाने घ्यायला हवा, कारण पत्ता त्याचा पक्का आहे, मुलाचा नाही.

तोकिवादायराचा इशारा, कोळिकोडचा दिलासा

आपण ज्या वळणावर आहोत, तिथून जपान आधी गेला. तोक्योजवळच्या मात्सुदो शहरात १९६० च्या सुमारास तोकिवादायरा ही प्रचंड वसाहत तरुण नोकरदार कुटुंबांसाठी बांधली गेली. आपल्या प्राधिकरणासारखीच तीही सगळी एकदम म्हातारी झाली. २००० मध्ये तिथे एका ६९ वर्षांच्या माणसाचा मृतदेह घरात सापडला. त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. भाडं बँकेतून आपोआप कापलं जात होतं, म्हणून शिल्लक संपेपर्यंत कुणी दार वाजवलं नाही. रहिवासी हादरले. त्यांनी गस्ती सुरू केल्या, फोनची व्यवस्था केली आणि शंभर येनात कॉफी पीत दिवसभर बसता येईल अशी बैठकीची जागा काढली.

आपलीही बिलं आता आपोआप भरली जातात. वर्तमानपत्र मोबाइलवर आलं, दूध ॲपवर आलं. दारावर साचलेले पेपर पाहून शेजाऱ्याला शंका यायची, ती खूण गेली.

दिलासा मात्र आपल्याच देशात आहे. कोळिकोडला १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी असाध्य रुग्णांच्या वेदनाशमनाची संस्था सुरू केली. पुढे त्यातून शेजारगट उभे राहिले. शिक्षक, रिक्षावाले, गृहिणी, विद्यार्थी थोडं प्रशिक्षण घेऊन आठवड्यातले दोनेक तास देऊ लागले. डॉक्टर-नर्सचं काम डॉक्टर-नर्स करतात. बाकीचं, म्हणजे जवळ बसणं, तांदूळ पोहोचवणं, घरच्याला थोडी झोप मिळवून देणं, हे शेजारी करतात. २००८ मध्ये केरळ सरकारने या कामाला धोरणाचं रूप दिलं.

आपल्याला याची निकड किती आहे? संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालानुसार २०५० मध्ये भारतात दर पाच माणसांत एक साठीपुढचा असेल. एका मोठ्या राष्ट्रीय अभ्यासाने साठीपुढच्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के काढलं. म्हणजे शंभर ज्येष्ठ असलेल्या गल्लीत सातेक जण घरचा रस्ता विसरू शकतात. पानवाला, इस्त्रीवाला आणि वॉचमन यांना त्यांचा चेहरा आणि घर माहीत असणं, हा त्यावरचा पहिला उपाय आहे.

आकुर्डीच्या एका रात्रीचं शिक्षण

हे काम आपल्याला जमेल का, अशी शंका घेणाऱ्याने पालखीच्या दिवशी आकुर्डीत यावं. देहूहून निघालेल्या तुकोबांच्या पालखीचा मुक्काम तिथल्या विठ्ठल मंदिरात असतो. त्या रात्री गल्ल्या दिंड्या वाटून घेतात. कुणी पिठलं-भाकरी करायची, कुणी न्हाणीघर उघडं ठेवायचं, कुणी पाय चेपायचे, मोबाइल चार्जिंगची फळी कुणाच्या ओट्यावर, हे सगळं ठरलेलं असतं. दिंडीतल्या म्हाताऱ्या माणसाची जात, गाव, भाडेकरू की मालक हे कुणी विचारत नाही. अनोळखी ज्येष्ठांची एवढी चोख व्यवस्था आपण दरवर्षी करतो. ती गल्लीवार वाटणी वर्षभर आपल्याच गल्लीतल्या ज्येष्ठांसाठी चालवायची, एवढंच करायचं आहे.

वीस-तीस घरांचा गट पुरे. एक वही असावी. तीत नाव, रक्तगट, चालू औषधं, नेहमीचं हॉस्पिटल, मुलांचे नंबर आणि जादा किल्ली कुणाकडे आहे, एवढं लिहावं. सकाळी दहापर्यंत खिडकी उघडली नाही तर फोन कुणी करायचा, हे वारानुसार ठरवावं. दरवर्षी पेन्शनरांचा हयातीचा दाखला भरून देण्याचं काम गटातल्या माजी अकाउंट्सवाल्याने घ्यावं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा बहुतेक घरांत सून किंवा मुलगी करते. आठवड्यातून दोन तास शेजारच्या कुणीतरी तिथे बसावं आणि तिला बाहेर पाठवावं. या वहीतली माहिती बाहेर जाऊ देऊ नये. मदत मागणाऱ्याच्या घरची गोष्ट कट्ट्यावर गेली, तर पुढच्या वेळी तो मागणार नाही.

हक्कांचीही माहिती हवी. ज्येष्ठांच्या २००७ च्या कायद्यानुसार प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे मुलांकडून निर्वाहाची मागणी करता येते. सांभाळण्याच्या अटीवर घर लिहून दिलं आणि सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. या कायद्याच्या नियमांनुसार एकट्या ज्येष्ठांची यादी पोलिस ठाण्याने ठेवायची असते. आपल्या गल्लीतली नावं तिथे आहेत का, हे गटाने जाऊन पाहावं. १४५६७ ही ज्येष्ठांची देशव्यापी हेल्पलाइन आहे. निवृत्तीपर्यंत किमान पाच वर्षं ईएसआयमध्ये विमा असलेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ पासून आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचं वेगळं संरक्षण आहे. हे माहीत नसल्याने दागिने मोडलेली घरं आपल्या आसपास आहेत.

सगळ्यात अवघड काम मात्र थकत चाललेल्या माणसाचं स्वतःचं आहे. ज्याने आयुष्यभर घर चालवलं, त्याला ‘मला जिना उतरायला हात द्या’ हे म्हणणं जड जातं. ते म्हणायला हवं, आणि पाय चालतात तोवरच शेजाऱ्याच्या कामाला जायला हवं. घेण्याची सवय देतादेताच लागते. मुलांवर प्रेम करावं, त्यांच्या फोनची वाट पाहावी. पण मुलगा पुण्याच्या दुसऱ्या टोकाहून पोहोचायला तास घेतो आणि शेजारी दोन मिनिटांत येतो, ही वस्तुस्थिती मुलांनीही मान्य करून आईवडिलांच्या शेजाऱ्यांचे नंबर आपल्या फोनमध्ये ठेवावेत.

यंदा दिवाळीत फराळाचं ताट घेऊन शेजारी जाल, तेव्हा दारातून परत फिरू नका. आत बसा, त्यांचा रक्तगट, औषधं आणि मुलांचा नंबर लिहून घ्या, आपलेही लिहून द्या. जिन्यावरच्या मावशींच्या आणि वॉचमनच्या घरीही ताट जाऊ द्या, त्यांचंही नाव वहीत येऊ द्या. भाऊबीजेपर्यंत वीस घरं झाली, तर तुमच्या गल्लीचं काम सुरू झालं असं समजा.